टेपची कड

“त्या चकचकीत पाइपला रंगाचा थेंबही लागू देऊ नकोस,” बाबा गच्चीच्या दारातूनच म्हणाले.

त्यांची १९९२ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल. पुढच्या शॉकअपचा खालचा भाग आज घरीच रंगवला. ४००चा पॉलिश पेपर, थिनरने पुसणं, प्रायमर, मग काळ्या स्प्रेचे तीन पातळ हात. गॅरेजचा खर्च परवडणारा नव्हताच.

शॉकअपचा तो चकचकीत पाइप ऑइल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, वरखाली सरकतो. त्यावर रंग चढला की सील खराब होतं, तेल गळतं. हे मला ठाऊक होतं, टेपही लावली होती. तरी बाबा दुखरे गुडघे दुमडून खाली बसले, माझी टेप सोडवली आणि नखाने कड दाबत दाबत पुन्हा लावली.

दोन वर्षं झाली, ते गाडी चालवत नाहीत.

उद्या जोडणी आहे. पाना त्यांच्याच हातात देऊ का?