निवटीचं वजन आणि जळगावचा पंखा

हतनूरच्या जलाशयात किंवा गिरणेत निवटी, म्हणजे चिखलावर राहणारा छोटा मासा, शोधायला जाऊ नका. खानदेशातली तापी गोड्या पाण्याची आहे. निवटी भेटते ती याच नदीच्या शेवटी, सुरतेच्या खाली, भरती-ओहोटीच्या चिखलात. तिकडे तिला लेवटा म्हणतात. तिथून आणलेल्या निवट्यांचं (जात बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी) लांबी-वजनाचं गणित मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जळगावात केलं.

सूत्र एका ओळीचं आहे. वजन म्हणजे 'अ' गुणिले लांबीचा 'ब' घात; अ आणि ब हे मोजमापांवरून काढायचे आकडे. दोन्ही बाजूंचे लॉग घेतले की सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे ब. ब तीनच्या आसपास असेल तर मासा सगळ्या बाजूंनी सारखा वाढतोय. कमी असेल तर लांबीच्या मानाने अंग भरत नाही, जास्त असेल तर तो जाडावतोय. माझा ब पहिल्यांदा तीनच्या बराच खाली आला. मासे हडकुळे आहेत असं लिहून टाकायचा मोह होता, पण चूक वजनकाट्यापाशी होती.

निवटी कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते, त्याच्या मदतीने ती चिखलावर तास न् तास काढते. मेल्यावरही त्यातलं थोडं पाणी आत राहतं. पाठीवर ओल असते आणि परांच्या खाली चिखल. आता ६ सेंमीची १.७ ग्रॅमची आणि १२ सेंमीची १४.३ ग्रॅमची अशा दोन निवट्या धरा. ब येतो ३.०७. दोघींवर ०.३ ग्रॅम पाणी राहू द्या, ब थेट २.८७. मोठीच्या वजनात दोन टक्क्यांचा फरक, लहानीच्या वजनात जवळजवळ अठरा टक्क्यांचा. लहान मासे आपण घाईत, नीट न पुसता तोलतो, म्हणून ही चूक नेमकी उतारावर बसते.

म्हणून नंतर क्रम ठरवला. डोकं खाली धरून कल्ल्यांची झाकणं बोटाने दाबायची आणि पाणी गाळून टाकायचं. चिखल ओल्या ब्रशने काढायचा. मग टिपकागदावर एकदा ही बाजू, एकदा ती बाजू, चोळायचं नाही. आणि लगेच ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. लगेच म्हणजे खरोखर लगेच. मे महिन्यात छताचा पंखा चालू असताना मासा काट्यावर ठेवून बघा, शेवटचा आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो. वाऱ्याने काटाही हलतो तो वेगळाच. तेव्हा पंखा बंद. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

बर्फाचीही गंमत आहे. वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला की पाणी पिऊन जड होतो. सुरतेहून येणाऱ्या थर्माकोलच्या पेटीत म्हणूनच मासे आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे, बर्फ बाहेरून. फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) ठेवलेल्या माशाची लांबी आणि वजन दोन्ही बदलतात, त्यामुळे ताजे आणि फॉर्मलिनचे आकडे एका तक्त्यात घालू नयेत.

लांबीत चूक झाली तर ती आणखी महाग पडते, कारण पुढच्या हिशोबात लांबीचा घन होतो. मासा लांबीच्या मानाने किती भरलेला आहे ते सांगणारा फुल्टनचा स्थिती-निर्देशांक म्हणजे ग्रॅममधलं वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. १४.३ ग्रॅमच्या माशाची लांबी १२ ऐवजी १२.४ लिहिली, तर निर्देशांक ०.८३ वरून ०.७५ वर येतो. मासा वाकडा आखडला असेल तर पाटीवर सरळ करूनच मोजा, आणि शेपटीचा पर तुटलेला असतो म्हणून पूर्ण लांबीबरोबर पर सोडून मोजलेली लांबीही लिहा.

ब तीन नसेल तर फुल्टनच्या निर्देशांकाने लहान-मोठ्या माशांची तुलना करण्यात अर्थ नाही. तिथे मत्स्यशास्त्रज्ञ ले क्रेन यांचा १९५१ चा सापेक्ष निर्देशांक घ्यायचा, म्हणजे प्रत्यक्ष वजन भागिले सूत्रातून आलेलं वजन. इथे बरेच जण फसतात. 'सरासरी १ आली, म्हणजे मासे सुदृढ' असं निष्कर्षात लिहून मोकळे होतात. अहो, ज्या माशांवरून सूत्र काढलं त्यांचीच सरासरी काढली तर ती १ च्या आसपास येणारच! सगळ्या माशांचं एकच सूत्र काढा, मग महिन्यानुसार आणि नर-मादीनुसार फरक बघा. अंडी भरलेली मादी जड भरते आणि ते वजन तिच्या मांसाचं नसतं, म्हणून अंडाशय काढून वेगळा तोलायचा. पोटातल्या चिखलाचंही तेच. ही जात चिखलावरचे डायटम (सूक्ष्म शेवाळ) खरवडून खाते, त्यामुळे भरल्या पोटाची आणि रिकाम्या पोटाची निवटी एकाच लांबीची असून वेगवेगळ्या वजनाची निघते. आतडं काढल्यानंतरच्या वजनाचा रकाना मी नंतर वाढवला, तो पहिल्या दिवसापासून हवा होता.