नोट्समधले उणे तीन

एका लहान प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनचे काम माझ्याकडे आले तेव्हा, आवृत्ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात कमिटचे (कोडमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचे) संदेश चाळून रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदलले याची टिपणे, उरकता येतात, अशी माझी समजूत होती. पहिल्या खेपेला मी तसेच केले. एका कमिटमध्ये ‘पूर्णांक भागाकारातील दोष दुरुस्त’ एवढेच लिहिलेले होते आणि मी ते जसेच्या तसे उचलले. प्रत्यक्षात उणे ७ ला २ ने भागल्यावर पूर्वी उणे ३ येत असे, ते आता उणे ४ येऊ लागले होते. म्हणजे भागाकार शून्याकडे छाटण्याऐवजी खालच्या पूर्णांकाकडे नेला जात होता. दुरुस्ती योग्यच होती, परंतु जुन्या उत्तरावर विसंबलेले प्रोग्रॅम कोणताही एरर न देता बिनसले. त्यांच्या लेखकांनी नोट्स वाचल्या होत्या, हे मला अधिक लागले.

मग मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रिलीज नोट्सची पद्धत बारकाईने पाहिली. तेथे पूर्वी सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये होत, त्यामुळे मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी येऊन होणारी टक्कर, नेहमीचेच. २०१७ पासून प्रत्येक बदलाची नोंद स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये त्या बदलासोबतच येते आणि ‘ब्लर्ब’ नावाचे टूल रिलीजच्या वेळी त्या एकत्र करते. आम्हीही नोंदीशिवाय बदल स्वीकारायचा नाही असे ठरवले. (काहींनी ‘किरकोळ सुधारणा’ असे लिहून नियम पाळला, तो भाग वेगळा.)

शब्दयोजनेचा धडाही तिथेच मिळाला. पायथनच्या २०१६ च्या ३.६ आवृत्तीत डिक्शनरी (की आणि मूल्य यांच्या जोड्या साठवणारी रचना) त्या जोड्या घातल्याचा क्रम राखू लागली होती, तरी हा केवळ अंमलबजावणीचा तपशील असून त्यावर विसंबू नये, असे नोट्समध्ये बजावलेले होते. २०१८ च्या ३.७ मध्ये तोच क्रम भाषेची हमी ठरला. तेव्हापासून काय बदलले, कोणाचा कोड मोडेल आणि त्याऐवजी काय लिहावे, हे प्रत्येक नोंदीत आहे की नाही ते मी तपासतो.

भागाकाराची नोंद मी उणे ७ च्या उदाहरणासह नव्याने लिहिली. पुढे डॉक्युमेंटेशनमधील उदाहरणे आपोआप चालवून पाहणारी चाचणी बसवली, तेव्हा पहिल्याच फेरीत भागाकाराचे मूळ पान नापास झाले. तिथे अजूनही उणे ३ च होते.