डुगडुगणारा पंखा आणि एक रुपयाचं नाणं

नागपुरात उन्हाळाभर पंख्याकडे कोणाचं लक्ष नसतं. खिडकीत कूलर घोंगावत असतो आणि पंखा दोनवर, हवा खोलीभर फिरवण्यापुरता. पाऊस सुरू झाला की कूलरची हवा नुसती चिकट होते. मग कूलर बंद आणि पंखा पाचवर. यंदा जूनच्या शेवटी आमचा पंखा पाचवर केला आणि तो असा डोलायला लागला की आईने खाट भिंतीशी सरकवली. "पडते का काय रे बाप्पा अंगावर?"

इलेक्ट्रिशियनने खालूनच पाहून सांगितलं, "बेअरिंग गेलं भाऊ, नवीनच घ्या." मला पटेना. लाइट बंद करून हाताने फिरवला तर पंखा आवाज न करता बराच वेळ फिरत राहायचा. बेअरिंग गेलेला पंखा घरघर करतो.

एमसीबी पाडला, म्हणजे वीजच तोडली, आणि आधी रॉडच्या वरच्या टोकाचा कप खाली सरकवला. पंखा छताला टांगणारं सगळं तिथेच असतं: हूक, रबर, नट-बोल्ट आणि बोल्ट निसटू नये म्हणून लावलेली स्प्लिट पिन. हलत्या पंख्याचं हे सर्वांत आधी बघावंच, पात्यांचं नंतर. आमचं सगळं घट्ट होतं.

मग पाती काढली. त्याआधी मार्करने पात्यांवर आणि मोटरवरच्या त्यांच्या जागांवर १, २, ३ लिहिलं. भाच्याने पातं खालून धरलं, मी स्क्रू काढले. तिसरं पातं उलटून पाहिलं आणि उलगडा झाला. एप्रिलमध्ये रंगकाम झालं होतं, तेव्हा पडलेली पुट्टी त्याच्या वरच्या बाजूला वाळून बसली होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन पाती २६८ आणि २६९ ग्रॅम भरली, हे तिसरं २८१. ओलं फडकं ठेवून पुट्टी मऊ केली, सुरी लावली नाही. धुऊन पुसल्यावर ते २७० वर आलं.

बारा ग्रॅमने एवढं काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण वेग दुप्पट झाला की जड पात्याची बाहेरची ओढ चौपट होते. म्हणूनच उन्हाळाभर दोनवर काही कळलं नाही.

पाती त्याच जागी लावली. आधी सगळे स्क्रू हलके बसवले आणि मग आळीपाळीने आवळले. डोलणं निम्मं झालं, थांबलं नाही.

आता उंची. टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजायचं, पण मोजपट्टी छताच्या एकाच ठिकाणी धरून. प्रत्येक पातं हाताने फिरवून तिथे आणायचं, कारण छत सगळीकडे सारखं नसतं. दोन पाती २९.५ सेंटिमीटरवर होती, दुसऱ्या क्रमांकाचं २८.७ वर. म्हणजे त्याला मोटरशी जोडणारी लोखंडी पट्टी वर वाकली होती. बहुधा रंगकाम करणाऱ्यांची शिडी लागली असावी. ती मोटरजवळ धरून हळूहळू खाली दाबली, दर वेळी मोजत. जोर लोखंडी पट्टीवरच द्यायचा. अॅल्युमिनियमचं पातं मधेच वाकलं तर ते सरळ होत नाही.

राहिलेली थरथर नाण्याने गेली. एक रुपयाचं नाणं, जुनं की नवं यावर, साधारण तीन ते पाच ग्रॅमचं असतं. ते पात्याच्या वरच्या बाजूला, लांबीच्या मध्यावर टेपने चिकटवलं आणि एकेका पात्यावर करून पाहिलं. दर वेळी एमसीबी बंद, चालू, दूर उभं राहून बघणं. टेप पक्की दाबायची, आणि पंखा फिरताना त्याच्या खाली किंवा जवळ कोणी थांबायचं नाही, नाणं सुटलं तर उडून लागेल. पहिल्या पात्यावर थरथर वाढली, दुसऱ्यावर जवळपास थांबली. मग नाणं दोन बोटं टोकाकडे सरकवलं. रॉड स्थिर झाला.

दुपारभर पंखा पाचवर ठेवून पाहिला. संध्याकाळी आईने न सांगता खाट परत मधोमध ओढून घेतली.