आंधळे मोर

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत तेवढा एसी असतो. तो आमच्यासाठी नाही, सुतासाठी. सुताची ताकद मोजायची तर खोलीत २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता लागते. माणसांचं काय, माणसं घाम पुसतात. तर त्या सुताच्या कृपेनं गारव्यात बसून मी रिपोर्ट बघत होतो आणि शेजारच्या टेबलावरून आमचं ट्रेनी पोरगं ओरडलं, "सर, परत गेलं की!"

गेलं म्हणजे सॉफ्टवेअर. मशीनवर धागा ताणला जातो, तुटतो, आणि किती ताणाला तुटला ते संगणकावर उतरतं. ते उतरवून घेणारा प्रोग्राम ओळी लिहून केलेला नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि त्यांच्यात तारा ओढायच्या, झाला प्रोग्राम. या घराण्यातलं गाजलेलं नाव म्हणजे लॅबव्ह्यू, १९८६ साली ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर आलं. त्यात दशांशाची तार नारिंगी, पूर्णांकाची निळी, मजकुराची गुलाबी, हो-नाहीची हिरवी. आमचं सॉफ्टवेअर कुठलं ते सांगत नाही. शेवटी दोष त्याचा निघाला नाही, मग उगाच नाव कशाला घ्या.

मला या तारांचं वेड आहे. तार सरळ जावी, काटकोनात वळावी, दुसऱ्या चौकोनाच्या पोटाखालून जाऊ नये. प्रोग्राम बंद पडलेला असतानाही मी आधी तारा सरळ करून घेतो. बायको म्हणते, घराला आग लागली तर हा माणूस पायपुसणं नीट करून बाहेर पडेल.

नवी आवृत्ती घातल्यापासून हे चाललं होतं. अख्खी खिडकी गायब, ना निरोप ना चिठ्ठी. मग नेहमीचे सोपस्कार. आधीचा कंपाइल केलेला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेला, साठा पुसला, सगळ्या फाइली नव्यानं कंपाइल केल्या. सेटिंगची फाइल नाव बदलून बाजूला ठेवली. मशीनशी बोलणारा ड्रायव्हर या आवृत्तीला चालतो का ते बघितलं, ३२ बिटवाल्याच्या गळ्यात कुणी ६४ बिटवाली डीएलएल, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडची फाइल, बांधली नाही ना तेही. कोरा प्रकल्प उघडला तर तो गुमान चालायचा, म्हणजे इन्स्टॉलेशन धडधाकट. माघारीही जाता येईना, कारण नव्यात सेव्ह केलेली फाइल जुनं उघडत नाही.

पडतंय याचा एवढा वैताग नव्हता. पडायची जागा ठरलेली नव्हती, त्याचा होता. कधी फाइल सेव्ह करताना, कधी आलेख काढताना, कधी सगळं काम शहाण्यासारखं आटोपून बंद होता होता.

लहानपणी आम्ही अशोक चौकाच्या मागं राहायचो. शेजारी अण्णांचं घर, पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. मागाच्या डोक्यावर नक्षी उतरवणारं जकार्ड यंत्र, आणि त्यावरून भोकं पाडलेल्या कार्डांची माळ सरकत राहायची. खटखटीत आम्हाला झोप लागायची आणि माग थांबला की जाग यायची. एकदा चादरीवरचे मोर डोळ्याविना निघाले. एक नाही, आडव्या रांगेतले सगळेच, कारण एका भोकाच्या हुकाला प्रत्येक मोराची दोरी बांधलेली. अण्णांनी चादर जमिनीवर पसरली आणि तेलुगूत मोजायला लागले, ओकटि, रेंडु, मूडु. उभं मोजून कार्ड सापडलं, आडवं मोजून भोकाची जागा. खिळा, हातोडी, एक ठोका. संध्याकाळी मोरांना दिसायला लागलं. आंधळ्या मोरांची चादर अण्णांनी आमच्या आईला निम्म्या किमतीत दिली. माझं सगळं शिक्षण त्या चादरीखाली झालं.

ज्या जॅकार्डचं हे यंत्र, त्यानं ते १८०४ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात उभं केलं. पुढं त्याचं स्वतःचंच चित्र अशाच मागावर रेशमात विणलं गेलं, सुमारे २४,००० कार्डं लावून. त्याची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजकडं होती, आणि त्याला आपलं गणिती यंत्र, संगणकाचा पणजोबाच म्हणा, अशाच कार्डांवर चालवायचं होतं. म्हणजे आमच्या संगणकाच्या कुळाचा एक धागा अशोक चौकातून जातो म्हणायला हरकत नाही. पण कापडाचा प्रामाणिकपणा पुढं कुठं गळाला कोण जाणे. कापडात चूक जिथं असते तिथंच दिसते.

आमची चूक पोरानं शोधली. प्रोग्रामच्या अर्ध्या आकृतीला झोपवायचं, बाकीची चालवायची; मग उरलेल्यातलं अर्धं. असं करत करत एका इवल्याशा चौकोनापाशी तो पोचला. मशीनसोबत आलेल्या डीएलएलला हाक मारणारा चौकोन. डीएलएल मजकूर लिहून परत देते आणि तिला जागा दिलेली होती मजकुरापेक्षा कमी. उरलेली अक्षरं ती शेजारच्या स्मृतीत खुशाल लिहून यायची. जुन्या आवृत्तीत त्या शेजारी बहुधा कुणी राहत नव्हतं. नवीत तिथं कुणीतरी राहायला आलेलं, आणि त्याचं घर मोडल्याचं त्याला स्वतःला लागेल तेव्हा कळायचं. चौकोन मांडणारा माणूस केव्हाच पुण्याला गेला. सोलापुरातले सगळे जातात.

जागा वाढवली. आता चालतंय.

पोरानं चहा आणला, कपात बघत विचारलं, "सर, मग इतकी वर्षं ती अक्षरं कुठं पडत होती?"

"मोकळ्या जागेत."

"कशावरून?"

त्या स्मृतीतच कॅलिब्रेशनचे, म्हणजे मशीनचं माप अचूक ठेवणारे, आकडेही असतात. एखादं अक्षर त्यांच्यावर पडलं असेल तर प्रोग्राम कोसळला नसता, फक्त धागा आहे त्यापेक्षा जरा मजबूत दिसला असता. किंवा कच्चा. सॅम्पलच्या सुताचे जुने कोन, म्हणजे शंकूवरच्या गुंडाळ्या, कपाटात आहेत, पण सूतही जुनं होत जातं. आज मोजून तेव्हाचं कळणार नाही. कॅलिब्रेशनच्या वह्या काढून ठेवल्यात. मालकांना अजून बोललेलो नाही. त्या सुताचे टॉवेल तर कधीच जहाजातून गेले.