लघवी कॉफीसारखी, एसजीपीटी वाढलेलं, पण लिव्हर ठणठणीत (बंड्याची सीपीके टेस्ट)

दिवाळीत आमचा कुत्रा बंड्या फटाक्यांना घाबरून पट्टा तोडून पळाला, मुलुंडभर शोधलं, सापडला तेव्हा जीभ बाहेर आणि धापा टाकत होता. दुसऱ्या दिवशी मागचे पाय कडक, हात लावला तरी कळवळायचा, आणि लघवी एकदम काळ्या कॉफीसारखी. मुंबईत कुत्र्याची लघवी तांबडी-काळी दिसली की सगळे आधी टिक फीव्हरच (गोचिडांमुळे होणारा ताप) म्हणतात, त्यात रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी, एसजीओटी ही लिव्हरसाठी बघतात ती दोन्ही एन्झाइम वाढलेली, मग शेजारच्या काकूंनी कावीळ ठरवूनच टाकली आणि लिव्हर टॉनिकचं नाव पण दिलं.

डॉक्टर म्हणाले थांबा मॅडम, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) नॉर्मल आहे, स्मिअरमध्ये (काचेवर रक्त पसरून जंतू बघतात त्यात) काही नाही, आणि हे दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात. लघवीच्या पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशीच नाहीत, शिवाय रक्तातल्या पेशी फुटल्या असत्या तर सीरम (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) गुलाबी दिसलं असतं, ते स्वच्छ होतं. म्हणजे तो रंग स्नायूंतून सुटलेल्या मायोग्लोबिन या प्रोटीनचा, पट्टी त्यालाही रक्त समजते. मग सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासलं आणि ते हजारांत!

मायोग्लोबिनने किडनी खराब होऊ शकते म्हणून लगेच सलाइन, क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणारी टेस्ट) लक्ष. औषधं पण सलाइनमधूनच, कारण मांडीत इंजेक्शन दिलं तरी सीपीके थोडं वाढतं आणि पुढचा रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

परत रक्त दिलं तर सीपीके धाडकन उतरलेलं पण एसजीपीटी जवळपास तिथेच, माझं तर अवसानच गळालं, म्हटलं आता लिव्हर पण गेलं की काय. तर डॉक्टरांनी समजावलं की कुत्र्यात सीपीके दर २-३ तासांनी निम्मं होतं, म्हणून स्नायूंचं नुकसान थांबलं की एक-दोन दिवसांत खाली येतं, एसजीपीटीला मात्र निम्मं व्हायलाच साधारण अडीच दिवस लागतात. म्हणजे आत्ता नुकसान चालू आहे का हे सीपीके सांगतं, एसजीपीटी मागून रेंगाळत येतं. उलट सीपीके चढंच राहिलं असतं तर स्नायूंची सूज, इन्फेक्शन वगैरे शोधावं लागलं असतं.

लघवी आता पिवळी आहे, क्रिएटिनिन ठीक, जिना चढताना अजून मध्येच बसतो. एसजीपीटी पुढच्या आठवड्यात परत करायचंय.