वाहनकर्जाचा अर्ज करण्याआधी: नाव, पत्ता आणि उत्पन्नाचे कागद

माझ्या भाचीने अलीकडेच गाडीसाठी कर्ज घ्यायचे ठरवले आणि तिची कागदपत्रे आम्ही दोघांनी मिळून जमवली. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला उत्पन्नाचा पुरावा देणे सहसा जड जात नाही, अडते ते नाव आणि पत्ता यांच्यापाशी, हे त्या वेळी पुन्हा लक्षात आले. म्हणूनच शोरूममध्ये बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी या दोन गोष्टी आपल्या प्रत्येक कागदावर तपासून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

आधी नावाचे पाहू. आपल्याकडे कुठे आडनाव आधी लिहिले जाते तर कुठे शेवटी, कुठे वडिलांचे पूर्ण नाव येते तर कुठे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर आधार कार्डावर सासरचे नाव लागलेले आणि पॅन कार्ड मात्र माहेरच्या नावाचे, अशी स्थिती अनेक घरांत असते. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या, नियमांनुसार विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचे राजपत्र जोडले, की जुन्या नावाचा कागदही ग्राह्य धरला जातो. तरीही वेळ हाताशी असेल तर पॅनवरील नाव दुरुस्त करून घेणे उत्तम, कारण हा प्रश्न पुढे प्रत्येक कर्जाच्या वेळी उभा राहतो.

पत्त्याची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा आधार यांपैकी एखाद्या कागदावर सध्याचा पत्ता असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले विजेचे बिल तात्पुरते चालते, पण सध्याचा पत्ता असलेला अधिकृत कागद त्यानंतर तीन महिन्यांत द्यावा लागतो. पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या, खोलीत मात्र भाडेपावती आणि विजेचे बिल दोन्ही अजून आजोबांच्याच नावावर असतात. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींसारख्या ठिकाणी तर पुनर्विकासासाठी घर सोडून भाड्याने राहायला गेलेल्या कुटुंबांच्या आधार कार्डावर, अस्तित्वातच नसलेल्या इमारतीचा पत्ता राहून जातो. भाडेकरूंसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर भाड्याने घेतल्याचा करार, हा सर्वांत भक्कम आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. स्टॅम्प पेपरवर केवळ नोटरी केलेल्या करारावर समाधान मानू नये. नोंदणीकृत कराराच्या आधारे आधारवरील पत्ताही बदलून घेता येतो.

उत्पन्नासाठी नोकरदाराकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट मागतात. व्यावसायिकाला दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, ताळेबंद, जीएसटी नोंदणी आणि दुकानाचा गुमास्ता, म्हणजे दुकान नोंदणीचा परवाना, द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यानंतर ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणी प्रमाणपत्राऐवजी सूचनेची पोच मिळते, हे छोट्या दुकानदारांनी ध्यानात ठेवावे. यांच्या जोडीला गाडीचे कोटेशन आणि स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती लागते. सिबिलसह प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो आधीच पाहिला, तर फेडूनही थकीत दिसणारे एखादे जुने कर्ज वेळीच दुरुस्त करून घेता येते.

झेरॉक्स प्रतींवर सही करताना ‘फक्त वाहनकर्जासाठी’ असे लिहून तारीख टाकावी, आणि चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. ‘एजंट नंतर भरून घेईल’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि त्याला प्रत्येक वेळी ठाम नकार द्यायला हवा, कारण हप्त्याच्या नॅच मँडेटवरची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याच्या परवानगीपत्रावरची, रक्कम आणि मुदत आपल्या डोळ्यांसमोर भरली जाणे हा आपला हक्क आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून सर्व किरकोळ कर्जांसाठी बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज आणि इतर शुल्क धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर दिलेला असतो, तो सही करण्यापूर्वी वाचावा.

गाडीची नोंदणी ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओत होताना आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्जदात्याच्या नावे कर्जाचा बोजा चढतो. शेवटचा हप्ता फेडल्यावर तो आपोआप उतरला असेल असे गृहीत धरू नये. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्यासह फॉर्म 35 च्या, म्हणजे बोजा उतरवण्याच्या अर्जाच्या, दोन प्रती मागून घ्याव्यात आणि आरसीवरून तसेच विम्याच्या पॉलिसीवरूनही बँकेचे नाव काढून घ्यावे.