सीट गरम होत नाही? आधी खालचा कनेक्टर बघा

गोव्यात सीट हीटर मुद्दाम कोण बसवणार? पाठदुखीसाठी घेतलेला 12 व्होल्टचा पॅड, बाहेरून आलेल्या जुन्या गाड्या किंवा हल्लीची व्हेंटिलेटेड (आतून पंख्याने हवा खेळवणारी) सीट, एवढंच. पण बिघडतं तेव्हा पॅड किंवा पंखा बदलण्याची घाई करू नका. आपल्याकडे पहिला संशय सीटखालच्या कनेक्टरवरच घ्यावा.

पाणी तिथे तीन वाटांनी पोचतं: पावसातल्या ओल्या चपला, मिरामार-मोरजीहून पायाबरोबर आलेली खारी वाळू, आणि एसीची तुंबलेली ड्रेन नळी. नळीकडे कोणाचंच लक्ष नसतं. ती तुंबली की पाणी डॅशबोर्डखालून कार्पेटखाली उतरतं. कार्पेट वरून कोरडं लागतं, खालचा फोम पिळून काढण्याइतका भिजलेला असतो. त्यात मीठ असलं की ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि पिनांवर हिरवी पूड चढते.

ही पूड काय करते? 60 वॉटच्या पॅडचा रेझिस्टन्स साधारण 2.4 ओहम, करंट 5 अँपिअर. कनेक्टरमध्ये नुसता अर्धा ओहम वाढला तर करंट 4.1 वर येतो आणि त्या एवढ्याशा पिनेत साडेआठ वॉट उष्णता तयार होते. सीट कोमट, प्लास्टिक मात्र वितळतं. फ्यूज उडत नाही, कारण करंट कमीच झालेला असतो! मोठा फ्यूज घालणं हा यावरचा उपाय नव्हे.

मल्टिमीटरची बीपवाली कंटिन्युइटी टेस्ट (तार सलग आहे का ते बघणारी) इथे फसवते. अर्ध्या ओहमलाही मीटर खुशाल वाजतो. हीटर चालू ठेवा, कनेक्टर न काढता मल्टिमीटरच्या सुया मागच्या बाजूने त्याच तारेवर, एक अलीकडे, एक पलीकडे लावा. 0.2 व्होल्टच्या वर आकडा आला तर पिन खराब.

मग इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, दहा मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा, त्याला मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. सीट उतरवायची असेल तर तो सुटतोच. बॅटरी जोडण्याआधी परत बसवा, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहील.

हलकी हिरवळ कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नायलॉन ब्रशने निघते. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा टिनचा थर जातो. काळी किंवा सैल पडलेली पिन बदलाच. नवी पिन क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने तारेवर दाबून बसवा; सोल्डर नको. सोल्डर तारेत वर चढतो, तिथे तार कडक होते आणि सीट मागेपुढे सरकताना नेमकी तिथेच तुटते. वरून गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), कनेक्टरच्या आत थोडंसं डायलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं).

पॅड नव्याने जोडताना 1.5 चौरस मिमीची तार, बॅटरीजवळ 10 अँपिअरचा फ्यूज आणि इग्निशनवर चालणारा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: 30 वर फ्यूजमधून आलेली तार, 87 वर पॅड, 86 वर इग्निशन, 85 अर्थ. कनेक्टर जमिनीवर पडू न देता सीटच्या फ्रेमला टायने बांधा, तारेला ढील ठेवा आणि सीट दोन्ही टोकांपर्यंत सरकवून तार कुठे ताणत किंवा चिमटत नाही ना, ते बघा. ड्रेन नळी मात्र आधी मोकळी करा. ती तुंबलेली राहिली तर पुढच्या पावसात हीच पिन पुन्हा हिरवी होईल.